कढीला सोसेल एवढा पिकअप

इलेक्ट्रिक टेम्पो घ्यायचा ठरला आणि आमच्या निजामपुऱ्याच्या घरात आठवडाभर जेवताना एकाच गोष्टीवर वाद चालू राहिला. गाडीला पिकअप, म्हणजे सुटतानाचा जोर, किती हवा? कागदोपत्री तो छोटा मालवाहू ट्रक, पण बडोद्यात असल्या गाडीला सगळे टेम्पोच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहितो.

टेम्पो बायकोच्या कामासाठी होता. तळमजल्यावर तिचं स्वयंपाकघर आहे आणि वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याला ती दुपारचं जेवण पुरवते. आधी पातेली भाड्याच्या डिझेल टेम्पोतून जायची. त्याचा ड्रायव्हर लग्नसराईत हमखास गायब. म्हणून आपली स्वतःची गाडी हवी, असं ती सगळ्यांना सांगत होती. दुसरं कारण ती बोलत नव्हती, पण घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं. ते कारण म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

माझा हा मेहुणा बाजव्याला राहतो. रिफायनरीतून निघणारे टँकर त्याने वीस-पंचवीस वर्षं चालवले. मग डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, तो नीट चालायला लागला, पण क्लच दाबायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. त्याने एका सोसायटीच्या गेटवर बसून पाहिलं आणि महिन्याभरात सोडलं. "दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी बांबू वरखाली करायचा, भावोजी. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं," असं म्हणाला आणि खरंच घरी बसला. आमच्याकडे आला की खिडकीजवळची खुर्ची धरायचा. रस्त्याकडे पाठ करून चहा पिता पिता सांगायचा, "या रिक्षाचा क्लच घसरतोय." थोड्या वेळाने, "हा पोरगा दुसऱ्या गिअरमध्ये रेटतोय." बायको आतून ऐकत राहायची.

इलेक्ट्रिक गाडीला क्लच नसतो. हे आमच्या मुलीने कुठेतरी वाचलं आणि आईला सांगितलं. तिथून टेम्पोचा विषय सुरू झाला.

शोरूममध्ये दोन गाड्या होत्या. दिसायला सारख्याच, पण एकीची मोटर मोठी. विकणारा तरुण उत्साहात होता. "काका, आनो पिकअप जोरदार छे! सिग्नलवर कार मागे राहील." मेहुण्याचे डोळे चमकले. त्याने मोठ्या मोटरच्या गाडीवर हात ठेवला, घोड्याच्या पाठीवर ठेवतात तसा.

"भावोजी, हीच. गाडीत दम पाहिजे."

"कशाला पाहिजे?"

"कशाला म्हणजे? मागून ट्रेलर आला तर? हायवेला शिरताना अडकलो तर?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून मी त्याचं उत्तर काढायला बसलो. मी बाजव्याजवळच्या एका कारखान्यात दाबाचे आणि प्रवाहाचे मीटर तपासतो. एखादी गोष्ट "जोरदार" आहे असं कुणी म्हटलं की किती, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, टेम्पो घेताय की अवकाशात यान सोडताय?" मी लक्ष दिलं नाही.

निजामपुऱ्याहून वाघोडियापर्यंतच्या वाटेत गाडीला खरोखर जोर लागतो अशा जागा मला दोनच सापडल्या. एक म्हणजे पुलाचा चढ. तिथे वाहतूक अडली तर भरलेल्या गाडीनिशी चढावरच थांबावं लागतं आणि तिथूनच निघावं लागतं. दुसरी, सर्व्हिस रोडवरून हायवेला मिळायची. चढाचं काम दोन्ही मोटरी आरामात करत होत्या. राहिला हायवे. नकाशावर मोजलं तर वेग वाढवायला साधारण दीडशे मीटर मिळतात. डावीकडच्या लेनमधले ट्रक पन्नासच्या आसपास चालतात. म्हणजे दीडशे मीटरमध्ये शून्यावरून पन्नासवर यायचं. गणित केलं तर त्याला वीस-बावीस सेकंद मिळतात. छोटी मोटर पूर्ण भार घेऊन पंधरा सेकंदांत तेवढा वेग गाठते, असं त्या तरुणानेच सांगितलं होतं. मग मोठी मोटर घेऊन उरलेल्या जोराचं करायचं काय?

मेहुण्याने कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला, परत दिला. "गणित तुमचं बरोबर असेल. पण गणिताच्या मागून ट्रेलर येत नाही."

"अरे, तुला शर्यत लावायची आहे की जेवण पोचवायचं आहे?" बायको म्हणाली. "माझं एकच म्हणणं. पातेल्यातलं सांडता कामा नये. बाकी तुम्ही दोघं भांडा."

छोटी मोटर घेतली.

पूजा झाली, नारळ फुटला, बायकोने लिंबू-मिरचीची माळ आतल्या आरशाला टांगली. पहिली फेरी योगायोगाने मोक्याची मिळाली. आमच्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन वाघोडिया रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये होतं आणि जेवण बायकोचं होतं. वरण, भात, बटाट्याची भाजी, श्रीखंड. मी म्हटलं, चाचणीला याहून चांगला दिवस मिळायचा नाही. रस्ता तोच, भारही जवळपास तेवढाच. मेहुण्याने गाडी नेली. हॉलवर झाकणं उघडली तर पातेल्यांचे काठ कोरडे. मंडळाच्या काकूंनी वरणाचं कौतुक केलं, मी माझ्या गणिताचं. मेहुणा तर उडतच होता. "ताई, लोण्यासारखी चालते गं," असं त्याने त्या दिवशी किती जणांना ऐकवलं कोण जाणे.

आता मागे वळून बघितलं की हसू येतं. आमच्यासारख्या बडोद्याच्या मराठी माणसांच्याच हातून होईल अशी ही चूक. मंडळाचं वरण म्हणजे आपलं मराठी वरण, पळी उभी राहील इतकं घट्ट. ते कशाला सांडतंय? कारखान्याला मात्र बायको गुजराती जेवण देते. त्यांची दाळ पातळ आणि कढी तर ताकाची सख्खी बहीण. घरात एक खायचं आणि धंद्यात दुसरं शिजवायचं याची आम्हाला इतकी सवय झाली आहे की चाचणी घरच्या जेवणाने घेतली, हे चौघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

कारखान्यात गुरुवारी कढी-खिचडी असते. टेम्पोची कारखान्याची पहिली फेरी नेमकी गुरुवारी आली आणि मी रजा टाकून मेहुण्याशेजारी बसलो होतो. कॅन्टीनच्या मागच्या दाराशी गाडी लावली आणि टेम्पोचं मागचं दार उघडलं, तेव्हा कढी पायरीवरून ठिबकत खाली आली. पातेल्यांवर कापड बांधून झाकणं बसवलेली असतात, पण अगदी घट्ट नसतात. कढीची वाफ कोंडली तर चव जाते असं बायकोचं मत आहे. कापडं पिवळी झाली होती. खिचडीच्या डब्यांखाली कढीचं तळं.

कॅन्टीनचे व्यवस्थापक बाहेर आले. शांत स्वभावाचे गृहस्थ. त्यांनी एकेक झाकण उचलून पाहिलं आणि फोन लावला तो बायकोला. "बेन, कढी अडधी केम?" कढी अर्धीच का, याचं तिचं उत्तर ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजे चालशे. बीजी वार नहीं चाले." आज चालवून घेऊ, दुसऱ्यांदा नाही. फोन ठेवून मेहुण्याकडे वळले. "तमे तो टँकर चलावता हता ने?" त्यात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. त्यामुळे ते जास्त लागलं.

मेहुणा वाकून फडक्याने पायरी पुसत राहिला. परतताना एवढंच म्हणाला, "टँकरच्या पोटात आडव्या भिंती असतात, भावोजी. माल हलत नाही. पण तिथेही मी कधी धक्का दिला नाही."

घरी आल्यावर त्याने चावी फ्रिजवर ठेवली. "ताई, दुसरा कुणी बघ. मी बसतो बाजव्याला."

"अरे, एका कढीसाठी?"

"एका कढीसाठी नाही. परत सांडली तर तुझं काम जाईल."

तो म्हणत होता ते खरं होतं. मुलगी हळूच म्हणाली, "आई, माझ्या मैत्रिणीचा भाऊ ड्रायव्हर आहे. विचारू का?" तिने मामाकडे पाहिलं नाही. बायकोने नंबर घेऊन ठेवला. मग भावाला म्हणाली, "पुढच्या गुरुवारपर्यंत तूच चालव. तोवर कढी नाही." हे तिचं मला आवडलं. तिने त्याला धीर दिला नाही, मुदत दिली.

मी परत गणिताकडे वळलो. गाडी पुढे झेपावते तेव्हा कढी मागच्या काठावर चढते. गाडीचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या एक दशांश जोराने वाढत असेल तर कढीची पातळी दहाला एक अशी कलते. आमची पातेली अर्धा मीटर रुंद. मध्यापासून काठ पंचवीस सेंटिमीटर. म्हणजे मागे कढी अडीच सेंटिमीटर चढली. बायको पातेलं चार बोटं रिकामं ठेवते, म्हणजे सात सेंटिमीटर. पंधरा सेकंदांत पन्नास म्हणजे जवळपास हाच एक दशांश जोर. सांडायला नको होती!

पण पंधरा सेकंद ही सरासरी होती. मोटरीचा सगळा जोर पहिल्याच क्षणाला हजर असतो. डिझेलसारखी ती गुरगुरत, गिअर बदलत चढत नाही. पहिल्या सेकंदात झटका अडीचपट असेल, आणि झटका एकदम बसला की द्रव नुसता चढत नाही, उसळून दुप्पट जातो. चार बोटं तिथे काय पुरणार? शोरूममध्ये आम्ही दोघंही किती सेकंदांत किती वेग, यावर भांडत होतो. कढीला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला पहिल्या क्षणाची पडली होती.

मग पाय हळू ठेवायचा, एवढाच उपाय. गाडीत काटकसरीचा मोड होता, मुलीने तो लावून दिला. वरचा वेग कमी झाला, सुरुवातीचा धक्का थोडासाच कमी झाला. आणि मेहुण्याला हळू चालवायला सांगणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला पाण्यात जपून उतर म्हणण्यासारखं. त्याला ते येत होतं. तरी होत नव्हतं. का, हे मला कळत नव्हतं.

शनिवारी परत त्याच्याशेजारी बसलो. दाळ होती. बायकोने पातेली बरीच रिकामी ठेवून दोन जास्तीची पाठवली होती, त्यामुळे मागे पाय ठेवायला जागा नव्हती. रोज असं चालणार नव्हतं. पहिल्या सिग्नलला गाडी निघाली आणि आरशाची लिंबू-मिरची सटकन मागे आली. दुसऱ्या सिग्नलला तेच. तिसऱ्या ठिकाणी मी माळ सोडून त्याच्याकडे पाहिलं. हिरवा दिवा लागला की तो मान किंचित खिडकीकडे कलती करायचा, पाय दाबायचा, थांबायचा, आणि मग आणखी दाबायचा. तेवढ्यात गाडी उसळायची.

"अरे, तू ऐकतोस काय?"

"कुठे काय?"

"प्रत्येक वेळी निघताना कान लावतोस."

पुढच्या सिग्नलला दिवा हिरवा झाला. तेव्हा त्याने स्वतःकडे लक्ष ठेवलं. मान कलती झाली. त्याला हसू आलं, पण त्या हसण्यात आनंद नव्हता.

"गाडी बोलतच नाही, भावोजी. बोलली नाही तर किती दिलं ते कळणार कसं? आवाज येईपर्यंत पाय जातोच खाली."

इतकी वर्षं तो पायाने नाही, कानाने गाडी चालवत होता. इंजिनाचा सूर जरा चढला की पाय आपोआप थांबायचा. ही गाडी मुकी होती. त्याचा पाय इंजिनाची वाट पाहत होता आणि इंजिन नव्हतंच.

येताना रिकाम्या गाडीत मी त्या माळेकडे पाहत बसलो. टांगलेली वस्तू मागे किती कलते? गाडी जेवढ्या जोराने झेपावते तेवढी, दहाला एक किंवा सातला एक. म्हणजे अगदी कढीच्या पातळीइतकीच. कढी मागे बंद दाराआड, पण तिची बातमी पुढे आरशाला लटकत होती. फक्त लिंबाला आवाज नव्हता.

घरी येऊन बायकोकडे मी एक पळी आणि एक जुनं झाकण मागितलं.

"कशाला?"

"तुझ्या भावाला गाडीशी बोलता यावं म्हणून."

"अहो, ती पळी नको, ती कढीची आहे."

"मग तीच हवी."

हिशेब असा केला. उसळी दुप्पट धरली तर चार बोटांच्या रिकाम्या जागेला कल सातला एकपेक्षा जास्त चालणार नाही. पळी दोरीसकट चाळीस सेंटिमीटर लोंबली, तर तेवढ्या कलाला तिचं टोक पावणेसहा सेंटिमीटर, म्हणजे तीन बोटं मागे येतं. केबिनच्या छताला दोन सीटांच्या मधोमध पळी टांगली आणि तिच्या मागे तीन बोटांवर झाकण उभं पक्कं बसवलं. पळीही झोका घेते, म्हणून कढीच्या थोडी आधीच ओरडेल. ते बरंच.

मुलगी बघून म्हणाली, "मामा, आता दारात उभे राहून ओरडा, कल्हई लावून घ्या!"

"हस, हस," तो म्हणाला. "तुझ्या बापाने मला मंदिराची घंटा बांधली."

रविवारी वसाहतीतले रस्ते मोकळे असतात. पातेल्यांत पाणी भरलं आणि गेलो. बायको हट्टाने मागे पातेल्यांशेजारी उलट्या टबावर बसली. दार उघडं, एक हात कडीला. तिथे कुणी बसू नये हे मी सांगितलं होतं, तिने ऐकलं नाही. म्हणून गाडी चालण्याच्या वेगाच्या वर न्यायची नाही, फक्त सुटायचं आणि थांबायचं, एवढीच माझी अट होती. मेहुण्याने पाय ठेवला. ठण्ण! मागून आवाज आला, "मेल्या, भिजवलंस मला!"

पुन्हा. ठण्ण. "अरे गाढवा!"

पुन्हा. पळी मागे आली, झाकणाला लागता लागता थांबली, आणि परत गेली. मागून शिवी आली नाही. मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याची मान पळीकडे कलली होती. तो ऐकत होता. ठण्ण झालं की त्याचा पाय वर यायचा, जसा पूर्वी इंजिनाच्या सुरावर येत असणार. ऊन तापेपर्यंत आम्ही तेवढंच करत राहिलो. शेवटी शेवटी पळी नुसती श्वास घेतल्यासारखी हलत होती.

बायकोला पुढे बसवून आम्ही हायवेने परत निघालो. सर्व्हिस रोडवर माझं सगळं लक्ष पळीवर होतं. मागून खरंच एक ट्रेलर येत होता. मेहुण्याने एकसारखा, न घाबरता जोर दिला. गाडी पन्नासवर पोचली, ट्रेलरच्या पुष्कळ पुढे आम्ही लेनमध्ये होतो आणि झाकण वाजलं नव्हतं. हायवेला जेवढी गरज होती, ती कढीला जेवढं सोसतं त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. मोठ्या मोटरीचा विषय तिथे संपला.

गुरुवारी मला रजा नव्हती. कारखान्यात एका मीटरचा काटा जुळवत होतो, पण लक्ष फोनकडे. सव्वाच्या सुमाराला बायकोचा फोन आला.

"व्यवस्थापकांनी झाकण काढलं."

"मग?"

"चार बोटं. जशी भरली तशी. ते खूश होते, म्हणाले, आजे कढी सारी छे."

"आणि तो काय म्हणाला?"

"काही नाही. म्हणाला, रस्त्यात एकदाच वाजली, कुत्रं आडवं आलं होतं तेव्हा ब्रेक मारून परत सुटताना." आणि फोन ठेवता ठेवता, "तो ड्रायव्हरचा नंबर मी पुसून टाकला."

संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा टेम्पो अंगणात चार्जिंगला लावलेला होता आणि मेहुणा बाजव्याला निघायच्या बेतात चपला घालत होता. बायकोने आतून विचारलं, "चावी कुठे ठेवलीस रे? फ्रिजवर नाही."

"खिशात आहे."

"अरे, टेम्पो इथे आणि चावी बाजव्याला?"

"असू दे ताई," तो म्हणाला आणि खिशावरून एकदा हात फिरवून जिना उतरला. "सकाळी मीच येणार आहे ना."